ऊन कुठे घ्यायचं, कुठे अडवायचं: घर बांधताना आणि सोलर बसवताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलरची देखभाल गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. मधल्या काळात गावाकडचं घर बांधताना गवंड्याशेजारी दीड वर्ष उभा राहिलो. त्यामुळे ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

घर पर्यावरणपूरक करायचंय. सुरुवात कुठून करू?

उन्हापासून. पावसाळा सोडला तर आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. घराचं बिल फुगवतो तो एक गीझर आणि दुसरा कूलर किंवा एसी. म्हणजे ऊन पाण्याला मिळायला हवं आणि स्लॅबला, भिंतींना लागता कामा नये. कोटेशन मागवण्याआधी डिसेंबरातल्या एका दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात दोन-तीनदा गच्चीवर जा आणि सावली कुठे पडते ते खडूने आखून ठेवा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सगळी गच्ची मोकळी दिसते. थंडीत तो दक्षिणेकडे कलतो आणि शेजारच्या इमारतीची, पाण्याच्या टाकीची सावली लांबलचक पसरते. गरम पाणी तर थंडीतच लागतं.

आधी पाणी तापवणारा सोलर बसवू की वीज बनवणारा?

गच्ची लहान असेल तर आधी पाण्याचा. हिशोब सोपा आहे. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४ युनिट ऊर्जा लागते. चांगल्या उन्हात २ चौरस मीटरचा कलेक्टर, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणारा भाग, हे काम एका दिवसात करतो. तेवढ्याच जागेत मावणारं वीज बनवणारं पॅनेल दिवसाला दीड-पावणेदोन युनिट देतं. उन्हाची थेट उष्णता करणं सोपं, वीज करणं अवघड, इतकाच फरक.

उंच इमारतीत मात्र गच्ची थोडी आणि बिऱ्हाडं फार असतात. तिथे वीज बनवणारी पॅनेलं लावून त्या विजेवर हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र) चालवणं जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण हीट पंप एका युनिटात साध्या गीझरच्या सुमारे तिप्पट पाणी तापवतो. आमची इमारत पाच मजली आहे, आम्हाला साधा सोलरच पुरला.

उष्णतेची ताकद बघायची असेल तर शिर्डीच्या साईबाबा प्रसादालयाच्या गच्चीकडे बघा. तिथे २००९ मध्ये ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसवल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक व्हायला लागला.

चार माणसांना किती लिटरचा घ्यावा?

१०० ते १२५ लिटर. विक्रेता २०० सांगेल, ऐकू नका. टाकीत ६० अंशांचं १०० लिटर पाणी असलं तर त्यात गार पाणी मिसळून अंघोळीजोगं ४० अंशांचं सुमारे २३० लिटर पाणी होतं. थंडीत टाकी ५० अंशांपर्यंतच गेली आणि नळाचं पाणी २० अंशांचं असलं, तरी दीडशे लिटर निघतं. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेतली तर एप्रिल-मेमध्ये कोणी गरम पाणी वापरत नाही, टाकी उकळत राहते आणि क्षार दुपटीने बसतात.

वर्षातले अडीचशे-पावणेतीनशे दिवस नीट ऊन धरलं तर १०० लिटरमागे हजारएक युनिट वाचतात. आपल्या बिलातला युनिटचा दर त्याला गुणा आणि कोटेशनचा आकडा त्याने भागा. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. ज्या घरात पाणी रोज लागतं तिथे ते लवकर होतात. दोन माणसं आणि तीही महिनोन् महिने बाहेरगावी असतील, तर घाई करू नका.

फ्लॅट प्लेट चांगला की ट्यूबवाला?

तुमच्याकडे पाणी कसलं आहे त्यावर ठरतं. महापालिकेचं गोडं पाणी बारमाही येत असेल तर फ्लॅट प्लेट घ्या, म्हणजे काचेखालच्या सपाट पेटीत तांब्याच्या नळ्या असलेला. महाग पडतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्या बारीक तांब्याच्या नळ्या क्षारांनी बुजतात. मग तज्ज्ञ बोलावून सौम्य आम्लाने धुवाव्या लागतात. अशा ठिकाणी काचेच्या ट्यूबा बऱ्या, कारण त्या रुंद असतात आणि घरच्या घरी काढून धुता येतात.

पहिल्यांदा मी ट्यूब उपसली तेव्हा तळाशी वीतभर उंचीचा पांढरा गाळ होता, भिजवलेल्या चुन्यासारखा दाट. हाताला खरखरीत लागला. तीन वर्षं कोणी ती उघडलीच नव्हती आणि पाणी तापत नाही म्हणून कंपनीला नावं ठेवणं चाललं होतं. त्या दिवशी आम्ही चाळीस ट्यूबा धुतल्या. दुसऱ्या सकाळी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी स्वतः फोन करून सांगितलं की बादलीतून वाफ येतेय.

आता वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकी खालून पूर्ण रिकामी करतो आणि ट्यूबा धुतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पत्र्याऐवजी ती स्वतः गंजते. तीही तेव्हाच बघायची आणि झिजली असेल तर बदलायची. बहुतेकांना ही कांडी असते हेच माहीत नसतं.

घेताना फ्लॅट प्लेटवर आयएस १२९३३ आणि ट्यूबवाल्यावर आयएस १६५४४ हे मानक आहे का ते विचारा.

सोलर आहे, तरी सकाळी नळाला गारच पाणी का येतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यात दहापैकी आठ वेळा सोलरचा काही दोष नसतो, दोष प्लंबिंगचा असतो.

पहिलं कारण पाइपची लांबी. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये सुमारे ३०० मिलिलिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत २५ मीटर पाइप असेल तर रात्रभर त्यात निवलेलं साडेसात लिटर पाणी आधी येणार. लोक ते मोरीत सोडून देतात. वीस बिऱ्हाडं धरा, रोजचं दीडशे लिटर चांगलं पाणी गटारात. उपाय दोन. गरम पाण्याच्या पाइपला काळ्या फोमची नळी चढवा, तीही गच्चीवरचा उघडा तुकडा वगळून नव्हे, तिथूनच सुरुवात करून. आणि ते पहिलं पाणी बादलीत धरून झाडांना किंवा लादी पुसायला घ्या. नवीन इमारत असेल तर न्हाणीघरं एकाखाली एक ठेवायला आर्किटेक्टला सांगा आणि पहाटे अर्धा तास गरम पाणी पाइपमधून फिरवत ठेवणारा छोटा पंप बसवा.

दुसरं कारण फार छुपं आहे. गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप असतो आणि गरम पाणी नुसत्या उतारावर येतं. अशा वेळी एखाद्या घरात हँड शॉवरचं बटण बंद पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या, तर जोरात असलेलं गार पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं आणि उलटं गच्चीवरच्या टाकीत चढतं. रात्रभरात अख्खी टाकी गार. आमच्याकडे महिनाभर हे चाललं होतं. शेवटी एका रात्री नऊ वाजता गच्चीवर बसून एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करत गेलो. तिसऱ्या मजल्याचा बंद केला तशी टाकीत पाणी पडण्याची बारीक कुरकुर थांबली. तेव्हापासून प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आहे.

तिसरं कारण सवयीचं. टाकी दिवसभर तापते. रात्री भांडी, कपडे सगळं गरम पाण्याने उरकलं तर खालून गार पाणी टाकीत भरतं आणि सकाळच्या वाट्याला कोमट उरतं. ज्यांना जमतं त्यांनी संध्याकाळी अंघोळ करावी. त्या वेळी पाणी सगळ्यात कढत असतं.

गच्चीवरचा तो उघडा पाइप कशासाठी असतो? त्यातून पाणी उडतं, बंद करू का?

मुळीच नाही. तो सोलरच्या टाकीचं नाक आहे. पाणी तापलं की हवा आणि वाफ त्यातून बाहेर जाते, पाणी उपसलं की त्यातूनच हवा आत येते. त्याचं तोंड गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच ठेवावं लागतं, नाहीतर सारखं पाणी सांडतं. पाणी उडत असेल तर पाइप उंच करा, बुच लावू नका.

आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम चालू असताना मध्ये येतो म्हणून कामगारांनी तो कापला आणि वर टोपी बसवली. गार पाण्याचा व्हॉल्व्हही कामापुरता बंद होता. दुपारी खाली लोकांनी नळ सोडले, पाणी निघालं, आत हवा यायला वाट नाही. स्टेनलेस स्टीलची टाकी रिकाम्या तेलाच्या डब्यासारखी आत चेपली. आवाज ऐकून मी वर गेलो तोवर सगळं झालं होतं. ती टाकी दुरुस्त होण्यासारखी राहिली नाही. आता त्या पाइपवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: कापू नये, झाकू नये.

ट्यूबा फुटतात का?

साध्या गारांनी सहसा नाही, माणसाच्या घाईने फुटतात. पाणी गेलं, टाकी रिकामी झाली, ट्यूबा उन्हात कोरड्या तापल्या आणि दुपारी दोन वाजता त्यात गार पाणी सोडलं की तडकल्याच. रिकामी यंत्रणा भरायची ती सूर्य उगवण्याआधी किंवा मावळल्यावर. उन्हाळ्यात महिनाभर गावी जाणार असाल तर ट्यूबांवर गोणपाट बांधून जा.

पावसाळ्यात काय करायचं?

जून ते सप्टेंबर सोलरवर भिस्त ठेवू नका. टाकीत विजेची कॉइल असते, पण ती चालू ठेवून विसरू नका, नाहीतर कोणी न वापरलेलं शंभर लिटर पाणी रोज विजेवर तापत राहील. न्हाणीघरातला छोटा गीझर लागेल तेवढाच लावणं स्वस्त पडतं. सोलरचं कोमट पाणी त्या गीझरमध्ये जाईल अशी जोडणी केली तर आणखी बरं, निम्मं काम ढगाआडच्या उन्हाने केलेलं असतं.

अनुदान मिळतं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान वीज बनवणाऱ्या पॅनेलांना आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरला नाही. लोक यात फार गल्लत करतात. त्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. सोसायटीच्या सामाईक विजेसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते.

पाण्याच्या सोलरसाठी स्थानिक पातळीवर विचारा. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केल्यास मालमत्ता करात ५ टक्के, दोन किंवा जास्त केल्यास १० टक्के सवलत देते. नियमात बसूनही अर्जच न केलेल्या कितीतरी सोसायट्या मला माहीत आहेत. यंत्रणा चालू हवी ही अट आहे, आणि ती योग्यच आहे.

वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात छत भट्टीसारखं तापतं. एसी घ्यावाच लागेल का?

आधी गच्ची पांढरी करा. होळीच्या सुमाराला गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात द्या. चुन्यात थोडं पांढरं सिमेंट आणि गोंद घातला की तो पायाला लागत नाही. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी करायचा. एवढ्यानेच रात्री गादी तापलेली लागत नाही. कायमचा उपाय हवा असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझेक. जुन्या पुण्या-मुंबईच्या इमारतींवर तो उगीच नव्हता.

वीज बनवणारी पॅनेलं उंच स्टँडवर लावली तर खालच्या स्लॅबला आपोआप सावली मिळते. हा फायदा कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

नवीन घर बांधतोय. खिडक्या कुठे, छज्जा किती?

दक्षिणेची खिडकी घाबरण्यासारखी नाही. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी साधारण ७१ अंशांवर, आणि मेच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी थेट डोक्यावर. दोन फुटी छज्ज्याची सावली डिसेंबरात सव्वादोन फूटच खाली येते, म्हणजे चार फुटी खिडकीच्या खालच्या भागातून थंडीचं ऊन घरात येतं. मार्चपासून तोच छज्जा अख्खी खिडकी झाकतो. यंत्र नाही, वीज नाही, नुसता दोन फुटांचा स्लॅब. हल्ली इमारतींची तोंडं सपाट दिसावीत म्हणून छज्जे काढून टाकतात आणि काचा लावतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पश्चिम मात्र वैरीण. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत घ्या. खिडकी हवीच असेल तर बाहेरून बांबूची चिक लावा किंवा पडवी काढा. पडदा आतून लावून उपयोग नाही, तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं.

विटा कुठल्या वापराव्यात?

जवळच्या. कोकणात असाल तर जांभा. खाणीतून चिरा काढला की मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, आणि त्यावर प्लॅस्टरही लागत नाही. प्लॅस्टर नाही म्हणजे तेवढं सिमेंट, तेवढी वाळू वाचली. चांगला चिरा बांधून वर रंगीत प्लॅस्टर थापलेली घरं बघितली की जीव हळहळतो. चंद्रपूर, कोराडी, परळी, एकलहरे अशा औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास राखेच्या विटा सहज मिळतात. त्यात शेतातली माती जात नाही, भट्टीत जाळावं लागत नाही. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेले सिमेंटचे ठोकळे, हलके आणि उष्णता अडवणारे, पण प्लॅस्टर नीट केलं नाही तर भेगा ठरलेल्या.

वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळमध्ये रुजवलेली, विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची रॅट ट्रॅप पद्धत मी गावाच्या घराच्या एका भिंतीत करून पाहिली. वीट सुमारे पाव हिश्शाने वाचते, पोकळीमुळे भिंत कमी तापते. पण त्याला मापात बसणारी वीट लागते. आमच्याकडच्या भट्टीची वीट कमी-जास्त निघाली, गवंडी वैतागला, आणि ती एकच भिंत तशी झाली. ती खोली आजही घरातली सगळ्यात थंड आहे.

सिमेंट घेताना साध्याऐवजी राख मिसळलेलं पीपीसी घ्या. सिमेंटच्या उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के बाहेर पडतो. राख मिसळली की तेवढं क्लिंकर (भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ घटक) कमी जाळावं लागतं. पीपीसी थोडं सावकाश घट्ट होतं, म्हणून पाणी मारणं चुकवू नका.

मातीचं घर बांधू का? घरचे किल्लारीची आठवण काढतात.

त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. जाड दगड-मातीच्या भिंती, आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आडवे दगड नाहीत, आणि वर दरसाल नवी माती टाकून जड झालेलं माळवद. भिंती फाटल्या आणि छत खाली आलं. ते माळवद उन्हाळ्यात गार असायचं, म्हणूनच लोकांनी ते पिढ्यान् पिढ्या जपलं होतं.

म्हणून मातीचं बांधा, पण बांधणीत तडजोड नको. जोत्याला, खिडकीखाली आणि खिडकीवर, सगळ्या भिंतींना धरून ठेवणारे सलग पट्टे हवेत. छत हलकं हवं: बांबू, लाकूड, कौल. सेवाग्रामची बापू कुटी अशीच आहे, माती, बांबू आणि कवेलूंची, आणि विदर्भाच्या उन्हात तिथे बसवतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घेतल्याशिवाय पाया खणू नका.

सौर उष्णतेने घर गरम ठेवता येतं का?

येतं, पण महाराष्ट्रात त्याची गरज नाही. लडाखमध्ये आहे. लेहजवळच्या फे गावातली सेकमॉल या संस्थेची शाळा मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेच्या काचांवर उभी आहे, आणि बाहेर उणे १५ असतानाही आत शेगडी लागत नाही. तिकडे ऊन आत घ्यायचं, आपण अडवायचं.

भाड्याने राहतो. माझ्या हातात काय आहे?

घरमालकांना सोलर बसवायला सांगणं अवघड, पण पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक लावायला कोणी नाही म्हणत नाही. गच्ची तुमच्या डोक्यावर असेल तर चुन्याच्या दोन पोत्यांची परवानगी मागा, खर्च तुम्ही करा. गीझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर आणा. आणि इमारतीत बंद पडलेला सोलर असेल, तर चेअरमनना गाठून एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्यातली एक ट्यूब उपसून बघा. जाताना हातमोजे आणि एक रिकामी बादली न्या.